घरघर लावून आवाज दाबायचा

रेडिओच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर सुई फिरवताना मधेच करवतीसारखी घरघर येते ना, ती प्रत्येक वेळी खराब सिग्नलच असतो असं नाही हां, कधीकधी कुणीतरी मुद्दाम त्याच फ्रिक्वेन्सीवर आवाज सोडत असतं म्हणजे तुम्हाला मूळ स्टेशन ऐकूच येऊ नये. यालाच जॅमिंग म्हणतात. सोव्हिएत युनियनने १९४८ पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओवर हे सुरू केलं, मग १९६३ मध्ये बंद केलं, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे घुसले तसं लगेच परत चालू. म्हणजे बातमी लपवायची गरज कधी पडली ते जॅमिंगच्या तारखाच सांगतात!

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती संध्याकाळची. पश्चिमेकडच्या ट्रान्समीटरवर अजून उजेड असतो, त्यामुळे आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा थर, ज्यावरून शॉर्टवेव्ह लहरी परत खाली येतात) वरच्या फ्रिक्वेन्सी परावर्तित करतो, पण लांब पूर्वेला बसलेल्या जॅमरकडे अंधार पडलेला, त्याची लहर सरळ अवकाशात निघून जाते. तासदोन तास मोकळं रान. म्हणून मग शहरांत छोटे लोकल जॅमरही बसवले, त्यांना आयनोस्फिअर लागतच नाही, पण त्यांची रेंज शहरापुरतीच, त्यामुळे लोक रेडिओ घेऊन गावाबाहेर जायचे.

१९८८ च्या नोव्हेंबरात रेडिओ लिबर्टी या सोव्हिएत श्रोत्यांसाठीच्या अमेरिकी स्टेशनवरचं जॅमिंगपण थांबलं. चीनची तऱ्हा अजून वेगळी, तिथे घरघरीऐवजी ढोल-झांजांचं पारंपरिक संगीत लावतात, हौशी श्रोते त्याला फायरड्रेक म्हणतात, आणि खरं सांगू, ऐकायला ते वाईट नाहीये.