हॉलमध्ये झकास, उन्हात पांढरे

लग्नसराईचे दिवस होते. एका तरुण फोटोग्राफरने कॅमेऱ्याची बॉडी आणि ५० मिमीची लेन्स माझ्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवली. "काका, शटर गेलंय. हॉलमधले फोटो झकास आलेत, वरातीचे सगळे पांढरेफटक." शटर बदलायचा खर्चही त्याला कुणीतरी सांगून ठेवला होता.

संशय अगदीच वावगा नव्हता. शटर, म्हणजे ठरल्या वेळेपुरता उजेड आत सोडणारा पडदा, थकलं की आधी वेगवान स्पीड दगा देतात. म्हणून दुकानाबाहेर उतरत्या उन्हात एफ १.८ (लेन्सचं भोक पूर्ण उघडं) आणि १/४००० सेकंदावर फ्रेम घेतली. चोख आली! मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवून एफ १६ (भोक बारीक) आणि १/५०० लावलं, तर फोटो पांढरा. गंमत पुढेच. आत ट्रायपॉडवर एफ १६ तसंच ठेवून अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं, तर फोटो जवळजवळ बरोबर.

इथेच चोर सापडला. अशा आरशाच्या कॅमेऱ्यात (डीएसएलआर) आपण बघतो तेव्हा लेन्स पूर्ण उघडी असते, मीटरही तसंच उजेड मोजतो. बटण दाबल्यावर एक खटका लेन्समधलं भोक लहानमोठं करणाऱ्या पात्यांना मिटवतो आणि मग शटर उघडतं. पाती रेंगाळली, तर शटरचं काम उघड्या भोकातूनच उरकतं. अर्धा सेकंद मिळाला तर ती मिटायला पोहोचतात. हॉलमध्ये तो १.८ वरच काढत होता, तिथे पात्यांना हलायचंच नव्हतं.

एफ १.८ ला भोक साधारण २८ मिमी, एफ १६ ला जेमतेम ३. उजेडात फरक जवळपास ८० पट. फोटो पांढरा होईल नाही तर काय!

लेन्स काढून मागचा खटका ओढून सोडला. पाती थंडीत आखडल्यासारखी हळूहळू सरकली, वर तेलाची चकाकी.

"गाडीत ठेवतोस का रे लेन्स?"

"डॅशबोर्डवर असते कधीकधी."

मे महिन्यात बंद गाडीत फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल सुटून पात्यांवर पसरतं. ही पाती कोरडीच चालायला हवीत, तेलाचा थेंबही चालत नाही. काही जण वरून स्प्रे मारून देतात. त्यांच्याकडून आलेल्या लेन्स उघडताना माझी चिडचिड होते. मी पाती सुटी करून, पुसून, नवं ग्रीस बेताने भरलं. शेवटचं पातं पहिल्याच्या खाली सरकवताना बाकीची उसळतात, त्यामुळे पंखा बंद ठेवावा लागतो.

बॉडीला हात लावायची वेळच आली नाही. त्याने विचारलं, "मग शटरचं काय?"

"अजून खूप लग्नं काढेल ते."