एकास बत्तीसवरून एकास चार

जखम दुखत नव्हती, तीनेक आठवड्यांत आपोआप भरली, म्हणून मी विषय सोडून दिला. सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारी, जुनी माणसं जिला गरमी म्हणतात ती, नेमकी इथेच फसवते. जखम बरी होते, जंतू रक्तात राहतात. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग आले, त्यावर मलम चोळण्यात महिना गेला. मग सिफिलिससाठी रक्ताच्या दोन चाचण्या केल्या: व्हीडीआरएल १:३२, म्हणजे रक्तातलं द्रव ३२ पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह; आणि लागण पक्की करणारी टीपीएचए, तीही पॉझिटिव्ह.

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषध फुकट. एचआयव्हीची चाचणीही तिथेच करून घ्यावी. मुख्य उपचार एकच: बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. बाहेरून आणायचं असेल तर बाटलीवर ‘बेन्झाथिन’ वाचूनच घ्या, साधं पेनिसिलिन काही तासांत शरीराबाहेर पडतं. लागण वर्षापेक्षा जुनी किंवा कधीची ते ठाऊक नसेल, तर आठवड्याला एक असे तीन डोस लागतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल ते आधी सांगावं. अशा वेळी, गरोदर बाई नसेल तर, त्याऐवजी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालतात.

औषध दाट ताकासारखं असतं. पाणी घालून नीट हलवलं नाही किंवा मध्येच थांबलं, की सुई तुंबते आणि पुन्हा टोचावं लागतं. माझं तसंच झालं. दोन दिवस बसताना आठवण राहते. नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला, तर ती ॲलर्जी. त्याच रात्री हुडहुडी, ताप, डोकेदुखी आली आणि डाग जास्त लाल झाले, तर ते मात्र जंतू मरत असल्याचं लक्षण. पॅरासिटामॉल घेतली, चोवीस तासांत उतरलं.

जोडीदाराचा उपचार बरोबरच. मागच्या ९० दिवसांत संबंध आला असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही इंजेक्शन देतात.

मग ३, ६ आणि १२ महिन्यांनी व्हीडीआरएल, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आरपीआर या तशाच दुसऱ्या चाचणीचा आकडा त्याच्याशी ताडू नये. १:३२चं १:१६ झालं तर त्याला काही अर्थ नाही, एवढा फरक चाचणीतच पडतो. १:८ झालं की औषध लागू पडलं. माझं वर्षाने १:४ आहे.

टीपीएचए बहुतेकांचं जन्मभर पॉझिटिव्हच राहतं. नव्या डॉक्टरांनी तेवढंच पाहून पुन्हा इंजेक्शन लिहिलं. जुना कागद दाखवल्यावर खोडलं.