नाव न घेता

मराठीत रेडिओवर राजकारण बोलायचं म्हटलं तर दुकान एकच उघडं आहे आणि ते सरकारी आहे. टीव्हीवर कोणीही कोणाच्याही अंगावर धावून जातो, यूट्यूबवर तर गल्लोगल्ली संपादक झालेत, पण प्रायव्हेट एफएमवाल्यांना आजही स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी लावता येत नाहीत, २०११ च्या धोरणात सूट मिळाली ती एवढीच की आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावा, कानामात्रा बदलायचा नाही. म्हणून तिकडे दिवसभर गाणी, चेष्टामस्करी आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती. राज्यात काय चाललंय, आपल्या भागाचा इतिहास काय, दशावतारात आता ट्रिकसीन किती शिरलेत, असल्या विषयांवर निवांत बसून बोलणारं कोणी हवं असेल तर आकाशवाणीच.

आणि आकाशवाणीवर बोलायचं तर तिची एक जुनी आचारसंहिता आहे. पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, राज्य किंवा केंद्र सरकारवर वैरभावाने टीका नको, मित्रराष्ट्रांवर टीका नको. (मित्रराष्ट्रांचं एक बरं आहे, आमच्या वाडीतून आजवर कोणी भूतानविरुद्ध फोन केल्याचं ऐकिवात नाही, आमची सगळी भांडणं बांधाच्या पलीकडे जात नाहीत.) आता एवढं सगळं वगळून राजकारणावर अर्धा तास काय डोंबल बोलणार असं कोणालाही वाटेल, आणि बाकी महाराष्ट्रात कदाचित ते मिळमिळीत होतही असेल. पण कोकणात आकाशवाणी रत्नागिरीचा फोनवरच्या गप्पांचा कार्यक्रम रंगतो, कारण नाव न घेता बोलणं आम्हाला शिकवावं लागत नाही. 'यंदा काही लोकांनी गणपतीक नवीन लाद्या घातल्यानी म्हणे' एवढं एक वाक्य कोणी देवळाच्या पायरीवर सोडून दिलं की लाद्या कोणी घातल्या, पैसे कुठून आले आणि पाखाडीचं, म्हणजे गावातल्या पायवाटेचं, काम अर्धवट का राहिलं हे सगळं सगळ्यांना समजतं, आणि बोलणारा मात्र कायम नामानिराळा.

आमच्या बापूकाकांकडे हा गप्पांचा कार्यक्रम न चुकता लागतो. देवगडकडचं गाव, पुढे पडवी, पडवीच्या कठड्यावर रेडिओ. डायलवरची लाल रेघ ११४३ किलोहर्ट्झच्या जागी बसलेली, म्हणजे रत्नागिरी, ती तिथून हलवायची कोणाची टाप नाही. एफएमच्या पोरांना मीडियम वेव्हची गंमत माहीत नसते. ती जी स्टीलची लांब दांडी आपण ओढून बाहेर काढतो तिचा मीडियम वेव्हला काडीचा उपयोग नाही, ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, तोच खरा एरियल. ही कांडी स्टेशनाच्या दिशेला आडवी पडली की आवाज खणखणीत आणि तिचं टोक स्टेशनाकडे झालं की आवाज गुल. रत्नागिरी आमच्या उत्तरेला, म्हणून बापूकाकांचा रेडिओ कठड्यावर पूर्व-पश्चिम झोपतो, आणि झाडू मारताना काकीच्या हातून तो जरा जरी वाकडा झाला तरी काका येऊन बोटभर सरकवून परत जागेवर आणतात. त्यात आता घरोघरी एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर, दोघंही मीडियम वेव्हचे जातीवंत वैरी, कार्यक्रम सुरू झाला की पडवीतून पहिली आरोळी येते, "तो चार्जर काढ पयलो!" अंधार पडल्यावर तर वेगळीच मजा, दिवसा वातावरणातला खालचा थर या लहरी गिळून टाकतो, रात्री तो थर विरला की त्या वरून आपटून शेकडो मैलांवर जाऊन पडतात, मग ऐन चर्चेत मागून कोणीतरी अरबी माणूस बोलायला लागतो. काकांना त्याचं काही नाही. काकी म्हणते, तो पण खड्ड्यांबद्दलच बोलत असेल.

मी मोबाईलच्या अ‍ॅपवर ऐकतो, स्वच्छ ऐकू येतं पण रेडिओच्या थोडं मागे चालतं, त्यामुळे काका आधी हसतात आणि मला विनोद नंतर कळतो.

कार्यक्रमाची मांडणी साधी आहे. एक निवेदिका, एक पाहुणा, पाहुणा म्हणजे कधी निवृत्त मास्तर, कधी बंदरांचा अभ्यास करणारे कोणी, कधी नमन-खेळे या आमच्या लोकनाट्यातला जुना गडी. पहिली दहा मिनिटं पाहुणा बोलतो, ती सगळे सहन करतात. मग फोन सुरू होतात आणि खरा कार्यक्रम तिथून. फोन करणारा आधी निवेदिकेच्या आवाजाची स्तुती करतो, मग आपलं गाव, वाडी, तालुका सांगतो, मग पाऊस किती झाला ते, आणि मग कुठे मूळ विषयाला हात घालतो. निवेदिका मधे मधे "हो... हो..." करत राहते. हे सगळं ऐकताना मला शंभर टक्के देवळातलं गाऱ्हाणं आठवतं, मानकरी एका दमात गावाची सगळी दुखणी देवासमोर मांडतो आणि दर वाक्याला जमलेले लोक "होय म्हाराजा" म्हणतात, तिथेही कोणाचं नाव नसतं, 'जो कोण आडवो येयत तेका सरळ कर' एवढंच, आणि जो आडवा आलेला असतो तोही त्याच गर्दीत उभा राहून मोठ्याने होय म्हाराजा म्हणत असतो.

मध्यंतरी मुंबई-गोवा हायवेचा विषय होता. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्यानंतर किती गणपती येऊन गेले ते चाकरमान्यांना विचारा, त्यांच्या कमरेला पाठ आहे. फोन भरपूर आले, डोंबिवलीहून 'मूळचा कणकवलीचा' असे पण आले. कोणी मंत्री नाही, कोणी पक्ष नाही, ठेकेदार सुद्धा नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा फोन लागला, सगळी चौकशी करून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "रामाक वनवासातसून परत येवक चौदा वर्षां लागली. बरा झाला, तो ह्या हायवेन नाय इलो." निवेदिका हो हो म्हणाली आणि गाणं लागलं. आता यात आचारसंहितेच्या कुठल्या कलमाचा भंग झाला ते कोणी दाखवून द्यावं.

दुसरी एक युक्ती लोकांनी शोधून काढलीय ती म्हणजे इतिहास. जिवंत माणसाचं नाव घेता येत नाही पण गेलेल्याचं घेता येतं आणि त्याची स्तुती करायला तर कोणाची हरकत नाही. त्यामुळे 'कोकणचं संसदेतलं योगदान' असा अगदी सोवळा विषय ठेवला तरी पडवीत सगळे कान टवकारून बसतात. नाथ पै राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे निवडून गेले, त्यांच्यानंतर मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा. तो मतदारसंघ आता नकाशावर सुद्धा नाही, २००८ च्या फेररचनेत गेला, पण रेडिओवर तो जिवंत आहे. कोणीतरी म्हणतं, नाथ पै बोलायला उभे राहिले की नेहरू पण ऐकत बसायचे. बस, वाक्य तिथेच थांबतं. आजचे कसे बोलतात यावर चकार शब्द नाही, पण तो थांबलेला क्षण एवढा लांब असतो की सगळं बोलून होतं. किंवा दंडवत्यांचं. ७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला, कोकण रेल्वेसाठी वर्षानुवर्षं डोकं फोडलं, १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, आणि १९९१ च्या निवडणुकीत आम्हीच त्यांना पाडलं. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती १९९८ मध्ये. हे सांगून एक बाई म्हणाल्या, "काम करणाऱ्याला घरी बसवायची आमची पद्धत जुनी आहे, त्यामुळे आता कोणी रिस्क घेत नाही." रातांबे फोडत बसलेल्या काकीने हातातली सुरी खाली ठेवली, लाल हात पदराला पुसले आणि म्हणाली, "ह्या बायेक उभी करा रे कोणीतरी."

शुद्ध इतिहासाच्या दिवशी मात्र राजकारणापेक्षा जास्त भांडणं होतात. राजकारणात निदान मत बदलता येतं. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येकाला शाळेत असल्यापासून माहीत आहे, किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, तिथे लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने दुर्बीण लावली आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात हेलियम पकडला. पाहुण्याने शांतपणे सांगितलं की त्या ग्रहणात गुंटूरला होता तो जान्सन नावाचा फ्रेंच माणूस, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता आणि त्याने तिथून ऑक्टोबरमध्ये निरीक्षण केलं. विजयदुर्गात तो आला हे खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. झालं. फोनच्या लायनी पेटल्या. एकाने विचारलं, साहेब आला की नाही आला, मग तारखेचं काय घेऊन बसलात. दुसऱ्याने सरळ गुंटूरवाल्यांवरच संशय घेतला. बापूकाका गंभीर झाले होते, मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाले, "गप रव, आयकूक दी," आणि कार्यक्रम संपल्यावर बराच विचार करून म्हणाले, "हेलियम हंयसरच होतो. तेना तो थंयसून बघल्यान." विज्ञानाच्या दृष्टीने याला उत्तर नाही, सूर्य दोन्हीकडून तोच दिसतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग आंबोलीचा. धबधबे आणि भजी यापलीकडे आपल्याला आंबोली माहीत नसते, पण २५ नोव्हेंबर १९५५ ला तिथल्या जंगलातून एक गुप्त रेडिओ सुरू झाला, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यासाठी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसं, ट्रकमध्ये बसवलेला ट्रान्समीटर, कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषा. पोर्तुगीज सरकार गोव्यात जे छापू देत नव्हतं ते हे दोघं हवेतून सांगायचे. पुढे मुक्काम गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकला हलला पण आवाज गोवा मुक्त होईपर्यंत, डिसेंबर १९६१ पर्यंत, चालू राहिला, आणि मुक्तीची बातमी लिबियाबाईंनी विमानातून लाउडस्पीकरवर गोव्याला सांगितली. त्यांना पद्मश्री मिळाली २०२५ साली, म्हणजे आपल्याकडच्या सत्काराचा वेग हायवेपेक्षा फार वेगळा नाही. तर सांगायचं असं की राजकारण, इतिहास आणि संस्कृती यांवर बोलणारा रेडिओ या डोंगरांना नवीन नाही, फरक इतकाच की तो जंगलात लपून नाव घेऊन बोलायचा, आमचा स्टुडिओत उजेडात बसून नाव न घेता बोलतो. त्या दिवशी फोन कमी आले. इतकं सरळ कोणी बोललं की आमच्या लोकांना त्यावर काय म्हणावं ते सुचत नाही.

निवडणुका लागल्या की मात्र पंचाईत होते. निवडणूक आयोगाची आचारसंहिता आली की आकाशवाणीवर पक्षांना त्यांच्या प्रचारासाठी वेळ वाटून दिलेला असतो, १९७७ पासूनची पद्धत आहे ती, पण आमच्या कार्यक्रमाने तेवढे दिवस राजकारणाकडे ढुंकूनही बघायचं नाही. गेल्या खेपेला ऐन प्रचारात त्यांनी विषय ठेवला आंब्यावरचा तुडतुडा. पाहुणे कृषी विद्यापीठातले, अगदी सज्जन, विषयात मुरलेले. पहिलाच फोन, "सर, हे तुडतुडे मोहोर आला की बरोबर कुठून येतात? एरवी वर्षभर दिसत नाहीत." सर म्हणाले, ते असतात हो, खोडाच्या सालीत, फटीत दडून असतात, मोहोर दिसला की बाहेर पडतात आणि रस शोषून घेतात. पडवीत काका नुसते मान डोलवत होते. दुसऱ्याने विचारलं, चिकटा पडतो तो कसला? सर म्हणाले, रस पिऊन झाल्यावर गोड चिकट पदार्थ टाकतात, त्यावर मग काळी बुरशी चढते. काकी फिस्सकन हसली. सरांना काही कल्पना नाही, ते आपले मनापासून माहिती देतायत. मग तिसरा फोन वैभववाडीकडचा, आवाज एकदम साळसूद, "सर, पाच वर्षांतनं एकदा फवारणी केली तर चालते काय?"

"छे छे, अजिबात नाही," सर कळवळून म्हणाले, "वेळच्या वेळी लक्ष ठेवायला हवं. आणि मुख्य म्हणजे दर वेळेला तेच औषध वापरू नका, बदलत राहा, नाहीतर कीड त्याला सरावते."

निवेदिकेने गाणं लावलं ते मधल्या कडव्यापासून सुरू झालं.