नवं कापड आणि माझा बिथरलेला हात

आठ-नऊ वर्षं मी एकाच पूल टेबलावर खेळलो. कापड लोकरीचं, लव असलेलं, स्नूकरच्या टेबलावर असतं त्या जातीचं. ब्रेकसाठी, म्हणजे डाव फोडायच्या पहिल्या फटक्यासाठी, रचलेल्या बॉलमधला पहिला जिथे ठेवतात तिथे खळगा पडला होता, रॅकच्या (बॉल रचायच्या तिकोनी चौकटीच्या) कडांच्या रेघा उमटल्या होत्या, आणि डाव्या कोपऱ्याच्या पॉकेटकडे हळू मारलेला बॉल शेवटच्या वीतभरात हमखास वळायचा. ते वळण मला इतकं पाठ होतं की मी ते धरूनच नेम घ्यायचो. वाईट टेबलावर वर्षानुवर्षं खेळलं की त्या टेबलाच्या खोडींनाच आपण स्वतःचं कौशल्य समजायला लागतो.

शेवटी कापड बदलायचं ठरलं. लव नसलेलं, घट्ट विणीचं वर्स्टेड घ्यायचं हे नक्की होतं. या जातीत सिमोनिसचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. बेल्जियममधल्या वर्व्हियेची ही कंपनी 1680 पासून कापड विणते. तिच्या 860 मध्ये 90 टक्के लोकर आणि 10 टक्के नायलॉन, तर 760 मध्ये 70 आणि 30. 760 पातळ आणि जास्त पळणारं. मी 860 घेतलं. माझ्या हाताला आणखी वेग झेपला नसता, असं तेव्हा वाटलं. झेपला नसताच.

काम अनुभवी मिस्त्रींनी केलं, मी हाताखाली होतो. टेबलाच्या कडेच्या रबरी कुशनच्या पट्ट्या सोडवल्या तेव्हा त्यांच्याखाली कापडाचा मूळ रंग दिसला, चक्क दुसऱ्याच टेबलाचा वाटावा इतका गडद. मग पिना उपटणं. शेकडो पिना, आणि त्यातली निम्मी डोकी तुटून आत राहिलेली. कापडाखालच्या स्लेटवर (दगडी लाद्यांवर) क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावतात त्या खडूची निळी भुकटी थराने बसली होती. ती पुसल्यावर स्लेटचे सांधे मेणाने भरले, वरून पातीने तासले, लेव्हल पाहिली. एवढ्यात अर्धा दिवस गेला.

ताणताना मी घाई केली. एक टोक पिनांनी ठोकून मी दुसऱ्या टोकाला जोर लावला, आणि मधल्या पॉकेटजवळ तिरकी सुरकुती उठली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हात काढा." त्यांनी तिथल्या दहा-बारा पिना परत काढल्या आणि मधून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून दोन्हीकडे, थोडं थोडं ओढत नेलं. कापड सैल राहिलं तर बॉल मंद धावतो आणि कापड लवकर झिजतं, हे मला माहीत होतं. पण एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी ताण पडला तर टेबलाच्या दोन बाजू दोन वेगांनी चालतात, हे त्यांनी सांगितलं. कुशनवरही तेच नवं कापड बसवलं. जुन्या कुशनवर भागवून घ्यायचा माझा विचार होता, तो त्यांनी धुडकावून लावला. बरं झालं.

बदल मोजायचा म्हणून मी आधीच लाकडी पट्टीचा एक छोटा उतार करून ठेवला होता. ठरलेल्या उंचीवरून बॉल सोडायचा आणि तो टेबलाच्या किती लांब्या जातो ते मोजायचं. जुन्या कापडावर दोन लांब्याही धड होत नव्हत्या. नव्यावर बॉल अडीचच्या पुढे गेला. म्हटलं, झालं, आता सगळं जरा हळू मारायचं, हिशोब संपला.

पहिल्या संध्याकाळी चार डाव खेळलो आणि चारही हरलो. मारलेला बॉल पॉकेटमध्ये जात होता. पांढराच, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, भलतीकडे जाऊन थांबायचा.

कारण कळायला आठवडा गेला. उतारावरून सुटलेला बॉल आधीपासूनच गडगडत असतो. क्यूने मधोमध मारलेला बॉल मात्र सुरुवातीला घसरतो, आणि कापडाच्या घर्षणाने हळूहळू गडगडू लागतो. गंमत अशी की फिरकी नसलेला बॉल गडगडू लागेपर्यंत त्याच्या वेगाचे सातातले पाच भाग उरतात, मग कापड कुठलंही असो. फरक पडतो तो घसरण्याच्या अंतरात. लव असलेल्या कापडावर हे अंतर थोडं, नव्या वर्स्टेडवर बरंच जास्त. माझ्या उताराने फक्त गडगडणं मोजलं होतं, घसरणं मोजलंच नव्हतं.

म्हणून ड्रॉ, म्हणजे उलटी फिरकी देऊन पांढरा टकरीनंतर मागे आणणं, एकदम सोपा झाला होता. पूर्वी लांबच्या बॉलवर पांढरा पोचेपर्यंत उलटी फिरकी कापडच खाऊन टाकायचं. आता ती शाबूत पोचत होती, आणि मी जुन्याच जोराने मारून पांढरा थेट मागच्या पॉकेटमध्ये घालत होतो. याउलट, कापून म्हणजे बॉलच्या बाजूला तिरका मारलेल्या शॉटवर पांढरा टकरीनंतर त्या बॉलच्या वाटेशी काटकोनाच्या रेघेवर बराच पुढे सरकायचा आणि मग वळायचा. जिथे त्याने वळावं असं मला वाटायचं, तिथून वीतभर पुढे. ही वीत मला सगळ्यात जास्त नडली. मी एकच शॉट मांडायचो: बॉल साइड पॉकेटसमोर, पांढरा ठरलेल्या जागी, वळण जिथे सुरू होतं तिथे खडूचा ठिपका. रोज तीस वेळा. कंटाळवाणं काम, पण माझा हात त्यानेच बदलला.

कुशनचं प्रकरण वेगळंच. नव्या कापडावर बॉल कुशनलाही घसरतो, त्यामुळे दोन-तीन कुशनांचे शॉट लांब पडतात. कुशनवरचे हिरे (कडेवर समान अंतरावर असलेल्या खुणा) मोजून खेळायचं माझं गणित दर वेळी अर्ध्या हिऱ्याने चुकायचं. मी आधी गणित बदललं, आणि दीड महिन्यात कापड थोडं मुरल्यावर ते परत चुकायला लागलं! आता मी खेळायला सुरुवात करताना तीन कुशनांचा एक शॉट मारून त्या दिवशीचा फरक पाहतो. दमट हवेत लोकर ओल धरते, बॉल जड चालतो आणि तोच शॉट आखूड पडतो. कॅरम बिलियर्ड्सच्या (बिनपॉकेटच्या) टेबलांना स्लेटखाली विजेची ऊब का देतात ते तेव्हा उमगलं.

एक सोडून दिलं ते मात्र बरं झालं. लवेच्या कापडावर हळू बॉलला साइड (बाजूची फिरकी) लावली की तो लवेच्या दिशेने जाताना एकीकडे सरकतो आणि लवेविरुद्ध जाताना दुसरीकडे. त्याचा अंदाज बांधण्यात माझी किती वर्षं गेली होती! इथे तो प्रश्नच उरला नाही.

ब्रेकच्या जागी आता पांढरे ठिपके दिसतात. उडालेला बॉल आपटून वेगाने घासला की कापडाचे धागे भाजतात, ते डाग पुसले जात नाहीत. पहिल्या दिवशी ते पाहून जीव कासावीस झाला होता, आता ब्रेक मारताना पांढरा कुठे ठेवायचा ते मी आलटून पालटून बदलतो. बॉल आठवड्यातून एकदा पुसतो, कारण खडू बॉलवरूनच कापडात मुरतो.

उताराची पट्टी टेबलाखालीच असते. काल परत सोडून पाहिलं: सव्वादोन लांब्या.