आमची वाटचाल: टिपर ते पंखा

गोव्यात डिचोलीतलं आमचं गॅरेज टिपरांवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर उभं राहिलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर जागच्या जागी उभे. मालकांचेच हप्ते थकलेले, आमची उधारी कोण देणार? दोन पोरांना घरी पाठवलं, वेल्डिंग सेट विकला. मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प राहिले. त्यांना गिऱ्हाईक मिळालं नसतं म्हणा.

त्याच सुमारास समोर एकाने कारसाठी मोठी शेड टाकली. ‘टिपरवाल्याला कारमधलं काय कळतंय?’ हे त्याचं बोलणं तिघांनी तरी माझ्या कानावर घातलं.

त्याच्याकडूनच फिरून आले साखळी गावचे एक टॅक्सीवाले. हायवेला इंजिनच्या तापमानाचा काटा जागेवर. चोर्ला घाटात आणि पणजीच्या गर्दीत मात्र वर. शेडवाल्याने रेडिएटरच्या पंख्याची मोटर बदलली, मग रेडिएटर, शेवटी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकला. (थर्मोस्टॅट काढू नका हो. इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल मात्र पितं.) ‘‘मेस्त, आता गाडीच विकतो,’’ म्हणाले.

पंखा चालू व्हावा म्हणून एसी लावला. पंखा फिरला. फ्यूज ठीक, रिले ठीक. मग वर्तमानपत्राचं पान पुढच्या जाळीला लावलं. ते चिकटायला हवं. इथे फडफडून माझ्याच तोंडावर आलं. पंखा हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकत होता! नव्या मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, जुळेना म्हणून वायरी कापून टेपने जोडलेल्या, प्लसच्या जागी मायनस.

वायरी अदलाबदल करून भागलं असतं. पण थेट बॅटरीवरून बारा व्होल्ट दिले तर मोटर घरघरत होती, पातं डुलत होतं. मग आख्खा पंखाच बदलला. आधी बॅटरीचा मायनस काढायचा, कपलर सोडायचा, बोल्ट काढून फ्रेमसकट पंखा वर ओढायचा. मध्ये पुठ्ठा सरकवा, नाहीतर रेडिएटरच्या जाळ्या चेपतात. नवा थर्मोस्टॅट घातला, कुलंट भरून हवा काढली आणि पंखा आपणहून दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी सोडली नाही. आमच्याकडे समुद्राच्या हवेने कपलरच्या पिना हिरव्या पडतात, त्या आधी घासा, मग मोटरला दोष द्या.

टॅक्सीवाले आजही येतात, गाडी तिसरी आहे. नंतरच्या वर्षांचं काय सांगायचं, कामं येत गेली.

त्या टेप लावलेल्या वायरी मी खिळ्याला टांगून ठेवल्यात, रस्त्यावरून दिसतील अशा.