कात्रणांच्या पाठीवरचा नदीकाठ

बेळगावच्या जुन्या मराठी घरात वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा एखादा गठ्ठा सापडला नाही तरच नवल. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केला, १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच शहरात झाला, १७ जानेवारी १९५६ रोजी येथे गोळीबारात माणसे मारली गेली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या पिढीला बातमी कापून ठेवणे म्हणजे पुरावा जपणे वाटत असे. माझ्या मावशीच्या सासरी असाच एक गठ्ठा पत्र्याच्या ट्रंकेत आहे. तो चाळताना माझे लक्ष कात्रणांच्या पाठीकडे गेले. पुढच्या बाजूला सभा, निवेदने आणि मोर्चे. मागच्या बाजूला, कात्री फिरेल तशी तुटलेली, नदीकाठच्या रोजच्या जगण्याची छायाचित्रे. ती कोणी जपायची म्हणून जपलेली नाहीत. पुढची बातमी जिथे संपली तिथे मागचे चित्र संपले. कोणाचे डोके गेले, कोणाच्या बैलाचे पाय गेले आणि बहुतेक चित्रांखालच्या ओळीही कात्रीखाली गेल्या.

पुढच्या बातमीमुळे तारखेचा अंदाज लागत होता, ठिकाणाचा लागत नव्हता. म्हणून त्या कात्रणांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढून घेतल्या आणि मावसभावाच्या गाडीतून घटप्रभा, हिरण्यकेशी आणि कृष्णा या क्रमाने नद्या पाहायला निघालो.

गोकाकचा धबधबा बेळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे आणि तो ओळखायला कोणाची मदत लागत नाही. घटप्रभेचे पाणी येथे जवळपास १७० फूट खाली कोसळते. त्याच्या बळावर १८८७ पासून वीज तयार होऊ लागली आणि शेजारच्या कापड गिरणीने त्या काठाची सारी वस्ती घडवली. धबधबा, झुलता पूल आणि गिरणी एकाच चौकटीत मावत असल्यामुळे छायाचित्रकारांना हे ठिकाण फारच सोयीचे गेले असावे. माझ्याजवळच्या चित्रातही मधोमध पाणी आहे. खरे सांगायचे तर त्या पाण्याने मला काहीच सांगितले नाही. धबधबा आजही पावसाळ्यात तसाच दिसतो. मात्र कात्रणाच्या डाव्या कडेला, खडकावर वाळत घातलेल्या धोतरांच्या रांगेशेजारी एक मुलगा डबा घेऊन उभा आहे. गिरणीत पाळीवर असलेल्या बापाला भाकरी पोचवायला निघालेला असावा, असे मला वाटते. छायाचित्रकाराने त्याला पाहिले होते की नाही, कोण जाणे. मी तिथे उभा राहिलो तेव्हा पर्यटकांची पुलाकडे पाठ करून स्वतःची छायाचित्रे काढण्याची घाई चालली होती, त्यामुळे तेथून लवकर निघालो.

पुढे घटप्रभेवरचा हिडकलचा जलाशय लागतो. त्याच्या पोटात गावे गेली आणि पाणी फार उतरले की बुडालेले विठ्ठल मंदिर वर येते. आम्ही गेलो तेव्हा पाणी चढलेले होते. कात्रणांतली चित्रे या धरणाच्या आधीची आहेत, त्यामुळे त्यांतला एखादा पाणवठा आज या पाण्याखाली असणे अगदी शक्य आहे.

संकेश्वरला हिरण्यकेशी भेटते. ही नदी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज करत येथे येते आणि तिच्या दोन्ही काठांना ऊस आहे. माझ्याकडे गुऱ्हाळाचे एक चित्र होते. ते छापले गेले असेल गुळाच्या भावाच्या निमित्ताने, कारण शेजारच्या तुटक्या मजकुरात मण आणि रुपये एवढे दोन शब्द वाचता येतात. मधोमध काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई आहे, तिच्यावर वाफ आहे आणि गुळव्या हातातल्या दांड्याने रस ढवळतो आहे. संकेश्वरबाहेर एका मळ्यात एक गुऱ्हाळ चालू दिसले, तिथे थांबून ते चित्र तिथल्या म्हाताऱ्या गुळव्याला दाखवले. त्यांनी चित्रातल्या गुळव्याकडे पाहिलेच नाही. चुलवणाच्या तोंडाशी बसलेल्या, अंधारात जवळजवळ बुडालेल्या माणसावर बोट ठेवून ते म्हणाले, “ह्यो जाळव्या. ह्येच्यावर सगळा गूळ असतोय बघा. जाळ कमी-जास्त झाला की आधण बिघडलं.” मग चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस, जाळात कसे सरकवायचे, ओले चिपाड लागले तर धूर कसा होतो, रस कधी उकळी धरतो आणि काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितले की मावसभाऊ गाडीत जाऊन झोपला. त्यांच्या गुऱ्हाळावर आता चरक विजेच्या मोटारीवर चालतो आणि परिसरातला बराच ऊस साखर कारखान्यांकडे जातो. चिपाडाचा जाळ मात्र अजून हातानेच घालावा लागतो. छापील चित्रात त्या जाळव्याचा चेहरा काळ्या ठिपक्यांचा एक डाग आहे.

हे ठिपके थोडे समजून घ्यायला हवेत, कारण कात्रणांतले निम्मे गूढ त्यांच्यातच आहे. त्या काळी छायाचित्र वर्तमानपत्रात थेट छापता येत नसे. मूळ चित्राचे काचेच्या जाळीतून पुन्हा छायाचित्र घेत, त्यामुळे करड्या छटांचे लहान-मोठे ठिपके होत, आणि ते जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरून ब्लॉक बनवत. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत आणि शाई शोषणारा, म्हणून जाळीही जाड वापरावी लागे, इंचाला ६० ते ७० रेषांच्या आसपासची. त्याहून बारीक ठिपके शाईत एकमेकांत मिसळून जात. सावलीतला चेहरा, चुलीजवळचा माणूस, झाडाखाली बसलेली म्हातारी ही मंडळी याच टप्प्यावर नाहीशी होत. उन्हातली माणसे उरत. म्हणजे कोण दिसणार हे अर्धे छायाचित्रकार ठरवी आणि अर्धे जस्ताचा पत्रा. त्यात ब्लॉक करवून घेणे खर्चाचे काम असल्यामुळे जिल्ह्याच्या पत्राला रोजच्या जगण्यावर ब्लॉक खर्च करायला काहीतरी निमित्त लागे: पूर, यात्रा, बाजारभाव, एखाद्या पाहुण्याचा दौरा.

चिकोडी मागे टाकून अंकलीजवळ कृष्णा दिसली आणि पुलावरून मांजरीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, बोलणे दोन्ही भाषांत. चहावाल्याने आमच्याशी मराठीत सुरू केलेले वाक्य शेजारच्या गिऱ्हाइकासाठी कन्नडमध्ये संपवले. त्याला मी मोटेचे, म्हणजे बैलांकडून विहिरीचे पाणी ओढणाऱ्या कातडी पिशवीचे, चित्र दाखवले. हे चित्र मला सगळ्यांत आवडते आणि सगळ्यांत संशयास्पदही वाटते. दोन बैल धावेच्या उतारावर आहेत, मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसला आहे, मोट विहिरीच्या तोंडाशी आली आहे. सारे जागच्या जागी आहे. पण नीट पाहिले तर सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेचा बारीक दोर, ढिला लोंबतो आहे आणि मोटेचे पाणी पडते ते थारोळे कोरडे आहे. पाण्याने भरलेली कातड्याची मोट वर येत असताना बैलांच्या मानेपासून चाकापर्यंत सगळे ताणलेले असते. येथे बैल उभे केलेले आहेत. चहावाल्याच्या वडिलांनी लहानपणी मोट हाकली होती, त्यांनीही चित्र डोळ्यांजवळ नेऊन सांगितले, “थांबिवल्यात की ओ बैलं. फोटोवाल्यानं थांबिवल्यात.”

त्या छायाचित्रकाराला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्या वेळी बातमीदारीत पोटाशी धरून वरून डोकावायचे कॅमेरे खूप वापरात होते. एका रिळात चौकोनी १२ चित्रे निघत. फिल्म जपून वापरायची, आणि काठावरून काढलेले रीळ बस किंवा मीटर गेज रेल्वेने शहरात पोचवायचे, तर हलणाऱ्या मोटेवर नशीब आजमावण्यापेक्षा मोटकऱ्याला ‘जरा थांब’ म्हणणे शहाणपणाचे होते. पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यामुळे आणखी एक गोष्ट झाली आहे. या चित्रांतली माणसे किंचित खालून पाहिलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे आभाळ जास्त येते आणि ती उंच दिसतात. शेतकऱ्याला असे उंच दाखवण्याचा छायाचित्रकारांचा हेतू असेल असे नाही, पण मला ते बरे वाटले.

पुराच्या चित्रांबद्दल मात्र माझे मत तितके उदार नाही. गठ्ठ्यात अशी चित्रे होती आणि त्या सगळ्यांत पाणी ओसरू लागलेले आहे. पाणी चढत असताना रस्ते बंद झाल्यामुळे शहरातला माणूस काठावर पोचणेच कठीण होते. चिखलाने माखलेल्या भिंती, झाडावर अडकलेला कडबा आणि नावेतून उतरणारे अधिकारी एवढेच त्याच्या वाट्याला येई. नावेची वल्ही मारणारा माणूस प्रत्येक वेळी कडेला, बहुधा पाठमोरा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये याच पट्ट्यात कृष्णेने गावे वेढली तेव्हा घराघरांतल्या मोबाइलवर पाणी चढतानाची चित्रे होती. ती गावकऱ्यांनीच काढलेली असल्याने जनावरे सोडवणारे, धान्याची पोती माळ्यावर चढवणारे लोक त्यांत मधोमध दिसले.

कालखंड ओळखण्याचा एक खेळ मावसभावाला आवडू लागला होता. कात्रणाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राची किंमत आण्यांत असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, नया पैसा असेल तर नंतरचे. विजेचा खांब दिसतो का, नदीवर धूळ खात उभी सायकल आहे का, घागरी पितळेच्या आहेत की ॲल्युमिनियमच्या, हेही तो पाहू लागला. घाटावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या एका चित्रात एकाच रांगेत दोन्ही प्रकारच्या घागरी आहेत. त्या बायकांपैकी एकीने पदर पुढे ओढला आहे, दुसरी हसते आहे आणि तिसरीचा अर्धा भाग कात्रीने नेला आहे. पुढच्या बाजूला कुठल्याशा शिष्टमंडळाची बातमी पूर्ण आहे.

हे घाटाचे चित्र घेऊन आम्ही यडूरला वीरभद्राच्या देवळाकडे गेलो. दर्शनाला दोन्ही राज्यांतली माणसे येतात. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर काही वडीलधारी मंडळी बसली होती. “बसा की, कुठनं आलासा?” असे म्हणून त्यांनी चित्र हातात घेतले आणि लगेच दोन तट पडले. एका आजोबांच्या मते हा यडूरचाच घाट, कारण पायऱ्यांची वळणे तशी आहेत. दुसऱ्यांच्या मते यडूरला नदी एवढी अरुंद नाही. हे हिरण्यकेशीचे किंवा वेदगंगेचे पात्र असणार. पहिल्यांनी उत्तर दिले की चित्र उन्हाळ्यातले आहे, आणि तेव्हा कल्लोळ-यडूरचा बंधारा नव्हता, म्हणून पाणी इतके खाली गेले आहे. शेवटी शेजारून जाणाऱ्या एका आजीने चित्र उलटे करून मागची बातमी पाहिली, पुन्हा सरळ केले आणि घाटाकडे न बघता त्या हसणाऱ्या बाईच्या लुगड्याच्या काठाविषयी बोलायला सुरुवात केली: असा रुंद काठ कोणत्या बाजारात मिळे, कोणत्या घरातल्या बायका तो नेसत आणि नदीवर कामाला येताना तो का नेसत नसत. “ही पाण्याला आल्याली न्हाई. हिला उभी केल्या,” असा निकाल त्यांनी दिला. आजोबांना तो मान्य नव्हता. कुडचीच्या रेल्वे पुलाकडे जायचे राहिले होते आणि उजेड कमी होत होता, म्हणून आम्ही उठलो. चित्राची ती प्रत आजोबांनी परत दिली नाही, वाद मिटल्यावर देतो म्हणाले.