रेव्हिट शिकवणं सोपं, गाडी अडते ती मंजुरीच्या नकाशापाशी

पुण्यातल्या लहान आर्किटेक्ट ऑफिसांना ऑटोकॅडवरून (जिथे नकाशा रेषा-रेषांनी काढतात) रेव्हिटवर (जिथे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करतात आणि नकाशे त्यातून निघतात) आणणं हे माझं काम. शिकवण्याचा भाग सुरळीत होतो. भिंत सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन एकदम बदलतात, हे दिसलं की पोरं आपणहून मागे लागतात. माझं डोकं अजून तापतं ते मंजुरीच्या नकाशावरून.

एका ऑफिसात निवासी इमारतीचं अख्खं मॉडेल केलं, सबमिशनची, म्हणजे मंजुरीला द्यायची, डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची नकाशा-फाइल) काढली, आणि महापालिकेची ऑनलाइन तपासणी ती वाचेचना. तिला ठरलेल्या नावांचे लेअर (रेषांचे वेगवेगळे थर) आणि बंद पॉलिलाइन (टोकं जुळलेली एकसंध रेषा) लागतात. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम ते) पी-लाइनच्या, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या सीमारेषेच्या, आतल्या क्षेत्रावर मोजतात, बाल्कनीसकट. आमच्या फाइलमध्ये ती रेषा भिंतींच्या सुट्या तुकड्यांत विखुरलेली. अहवालात एवढंच, ‘क्षेत्र आढळले नाही’. कुठला मजला, कुठला लेअर, काही नाही. विचारायला गेलं की ‘दुरुस्त करून परत अपलोड करा’. काय दुरुस्त करायचं ते कोणी सांगेना. तिकडे बिल्डरचे फोन सुरू. शेवटी सर म्हणाले, “मॅडम, ऑटोकॅडमध्ये केलं असतं तर एव्हाना झालं असतं.” मला सगळ्यात जास्त धास्ती या वाक्याची. ते एकदा मनात बसलं की ऑफिस परत जुन्या वाटेला लागतं.

कोडं सोडवलं ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समन काकांनी. त्यांनी फाइल उघडली, कोपऱ्यात झूम केलं आणि दाखवलं, दोन रेषा एकमेकींना टेकतच नव्हत्या. मग रेव्हिटमध्ये प्रत्येक मजल्याचा वेगळा एरिया प्लॅन (क्षेत्र मोजायचा नकाशा) केला, पी-लाइन एरिया बाउंडरीने आखली आणि एक्स्पोर्ट सेटअपमध्ये रूम-एरिया पॉलिलाइन म्हणून काढायचा पर्याय लावला. लेअरची नावं एकदाच जुळवून तो सेटअप टेम्प्लेटमध्येच ठेवला. फाइल पास झाली! आता सबमिशनचं काम काकाच बाकीच्यांना शिकवतात, आणि याचा मला फार अभिमान आहे.

म्हणून जुन्या ड्राफ्ट्समनना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मंजुरीची घाई असलेला प्रोजेक्ट पहिला घेऊ नका. आणि हो, सगळ्या मशीनवर रेव्हिटची एकच आवृत्ती हवी, कारण नवीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. शीट एक्स्पोर्ट करताना व्ह्यू आणि लिंक एक्सरेफ (बाहेरून जोडलेल्या वेगळ्या फायली) म्हणून काढायची खूणही काढून टाका, नाहीतर एका शीटच्या चार फायली होतात आणि अपलोड केलेल्या फाइलमध्ये नकाशाच नसतो.